चापाचे वजन

पनवेलमध्ये बंदुकीचा विषय निघाला की वक्ते हमखास शिरढोणला जातात. वासुदेव बळवंत फडके तेथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्मले, १८७९ साली त्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड पुकारले, एडनला बंदिवासात त्यांचा अंत झाला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. टाळ्या पडतात आणि बंदूक पुन्हा तसबिरीत जाऊन बसते. त्या टाळ्यांविषयी माझी तक्रार नाही. पण त्या बंडाच्या आदल्याच वर्षी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या सरकारने शस्त्रांचा कायदा केला, हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवान्याची अट घातली आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली, याची आठवण सहसा कोणी काढत नाही. मला वाटते, तेव्हापासून शस्त्राशी आपले दोनच प्रकारचे नाते उरले. एक भिण्याचे, दुसरे पुजण्याचे. खंडेनवमीला आमच्या घरी पाने, पक्कड आणि जॅक मांडून त्यांना हळदकुंकू वाहतात, कारण माझे वडील कळंबोलीला ट्रकच्या गॅरेजमध्ये फिटर आहेत. पण दसरा उलटला की वडील तोच पाना हातात घेऊन गाडीखाली शिरतात. बंदुकीची पूजा होते आणि पुढे काहीच होत नाही. ती उघडून आत काय आहे हे पाहण्याचे तिसरे नाते आपल्याकडे रुजलेच नाही.

या लेखाचा विषय त्या तिसऱ्या नात्याचा आहे. निशाण्यावर, म्हणजे स्पर्धेत, वापरायच्या बारा बोअर बंदुकीचा चाप किती हलका असावा, तो कोणी हलका करावा आणि कसा? माझ्या एका कविमित्राने हे ऐकून, "अरे, कला शाखेच्या वार्षिकात हे काय?" असे विचारले. त्याला मी एवढेच सांगितले की मागच्या अंकात त्याची कविता 'ट्रिगर' या शब्दावर संपली होती. शब्द चालतो, तर वस्तूही चालावी.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. बंदुकीच्या आत घोडा असतो. त्याच्या मागे जोरकस स्प्रिंग असते आणि ती घोड्याला सतत पुढे ढकलत असते. त्याला थोपवून धरतो तो पोलादाचा एक लहानसा दात. कारागीर त्याला सिअर म्हणतात. हा दात घोड्याच्या खाचेत अडकलेला असतो. आपण चाप दाबतो म्हणजे तो दात खाचेतून सरकवतो. दात सुटला की घोडा सुटला आणि बार उडाला. दात खाचेत किती खोल बसला आहे, खाचेचा उतार कोणत्या बाजूला आहे आणि स्प्रिंग किती ताठ आहे, या गोष्टींवर चापाचे वजन प्रामुख्याने ठरते. दात आणि खाच यांची पकड नखाच्या जाडीहूनही कमी असते. बंदूक हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या आजूबाजूच्या सर्वांचा जीव त्या पकडीवर टांगलेला असतो, यात अतिशयोक्ती नाही.

वडिलांना हे मी घरी चित्र काढून दाखवले. ते म्हणाले, "म्हणजे आमच्या क्लचच्या फ्री प्लेसारखंच की." ट्रकच्या क्लच पेडलला थोडी मोकळी चाल ठेवावी लागते. ड्रायव्हर कुरकुर करतो, पाय दुखतो म्हणतो, चाल काढून टाक म्हणतो. चाल काढली की पहिले काही दिवस गाडी झकास वाटते आणि नंतर क्लच प्लेट जळते. वडील ड्रायव्हरचे ऐकत नाहीत. पण क्लच जळला तर गाडी फक्त घाटात उभी राहते, बंदुकीचे तसे नाही.

पनवेलकरांना नेमबाजी परकी नाही. सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत १० मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण घेतले, त्याच वर्षी त्या अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोचल्या आणि पुढे त्यांनी आपल्या गावात लक्ष्य शूटिंग क्लब उभा केला. त्यामुळे येथील बऱ्याच मुलामुलींनी एअर रायफल जवळून तरी पाहिलेली आहे. आणि येथेच एक गैरसमज जन्माला येतो. एअर रायफलच्या चापाला नियमाने किमान वजन नाही, कित्येक नेमबाज तो शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवतात. बोट टेकले न टेकले की छर्रा सुटतो. ते एकदा पाहिले की वाटू लागते, हलका चाप म्हणजे चांगली बंदूक आणि जड चाप म्हणजे गरिबाची बंदूक. छात्रसेनेच्या शिबिरात रायफल चालवून आलेली आमची मुले 'चाप फार कडक होता, नाहीतर पाचही गोळ्या मध्ये बसल्या असत्या' असे सांगतात, त्यामागेही हीच समजूत आहे.

वस्तुतः प्रत्येक प्रकाराचे गणित वेगळे आहे. १० मीटर एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅमचा नियम आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तेथे किमान १००० ग्रॅम लागतात. हे वजन तपासण्याची पद्धत मला फार आवडली. पिस्तुलाची नळी सरळ वर धरायची, घोडा चढवलेला, आणि टेबलावर ठेवलेले वजन चापाला अडकवून उचलायचे. वजन टेबलापासून सुटून वर आले आणि चाप सुटला नाही, तर पिस्तूल उत्तीर्ण. नेमबाज कितीही नामांकित असो, त्या पाचशे ग्रॅमच्या तुकड्यापुढे सगळे सारखे. आमच्या परीक्षा विभागाने ही पद्धत पाहून घ्यावी असे मला वाटून गेले, असो.

बारा बोअरचे मात्र आणखी वेगळे आहे. ट्रॅपच्या खेळात निशाण जागेवर उभे नसते. ११० मिलिमीटर व्यासाची मातीसारखी ठिसूळ तबकडी समोरच्या खंदकातून भिरकावली जाते आणि नेमबाजापासून दूर पळते. एका सेकंदाच्या आत तिला गाठायचे असते. रायफलवाला श्वास रोखून चाप हळूहळू दाबतो आणि बार केव्हा उडाला हे त्यालाही कळू नये अशी साधना करतो. ट्रॅपवाल्याला तसे करून चालत नाही. त्याची बंदूक फिरत असते, शरीर फिरत असते, आणि ठरवलेल्या क्षणी त्याला चाप ओढावा लागतो. म्हणून स्पर्धेच्या बारा बोअरचा चाप साधारण दीड ते दोन किलोच्या दरम्यान असतो. जुन्या बंदूककारांचा एक ठोकताळा असा, की चापाचे वजन बंदुकीच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असावे. बंदूक साडेतीन किलोची असेल, तर चाप पावणेदोन किलोचा. शंभर ग्रॅमची सवय झालेल्याला हे ऐकून हसू येईल. पण तबकडीमागे झेपावणाऱ्या माणसाचे बोट चापावर किती जोराने आदळते ते पाहिले की हसू थांबते.

आमच्या महाविद्यालयाचे एक माजी विद्यार्थी ट्रॅपचा सराव करतात. घरची परिस्थिती उत्तम, परवाना आहे, आणि दोन नळ्या एकावर एक अशी जुनी इटालियन बंदूक त्यांनी विकत घेतली आहे. गुण अडून राहिले, म्हणून चाप हलका करून घ्यावा असे त्यांच्या मनाने घेतले. मुंबईत एक परवानाधारक वृद्ध कारागीर आहेत, त्यांच्याकडे ते निघाले तेव्हा मीही हट्टाने बरोबर गेलो. कारागिरांनी बंदूक उघडून दोन्ही नळ्यांतून आरपार पाहिले, मग बोट घालून पाहिले, मग आम्हा दोघांनाही पाहायला लावले. मालकाने रिकामी आहे म्हटले, आणणाऱ्याने म्हटले, तरी पाहायचेच. त्यानंतर नळ्यांत नकली काडतुसे घातली, कारण रिकाम्या नळीवर घोडा वारंवार सोडला तर आतली टाचणी तुटू शकते. ताणकाटा चापाच्या मध्यावर अडकवून सरळ मागे ओढला. एकदा नव्हे, प्रत्येक नळीसाठी पाच वेळा. आकडे कागदावर लिहिले. पहिल्या नळीचा चाप १७०० ग्रॅमच्या जवळपास भरला आणि पाचही वेळा जवळजवळ तेवढाच.

"साहेब, चाप बरोबर आहे," ते म्हणाले. "तुमचं बोट लांब पडतंय."

मग त्यांनी एक बारीक स्क्रू सैल करून चापाचे पाते थोडे पुढे सरकवले. वजनाला हातही लावला नाही. स्पर्धेच्या कित्येक बंदुकांत पाते मागेपुढे करण्याची ही सोय मुद्दाम ठेवलेली असते. बोटाचे पहिले पेर चापावर नीट बसले, तर तोच सतराशे ग्रॅमचा चाप हलका वाटतो. माजी विद्यार्थी नाराज झाले, त्यांना सव्वा किलो हवा होता. "कानस मारून द्या, मी काय ते बघतो," असे ते म्हणाले. तेव्हा त्या गृहस्थांनी कानस का मारायची नाही हे जे सांगितले, ते मी आमच्या एखाद्या उत्तम तासाइतक्याच लक्षपूर्वक ऐकले.

दात आणि खाच यांच्या पोलादाला वरून एक कडक कातडी दिलेली असते. आतले पोलाद त्या मानाने मऊ. कानशीने ती कातडी गेली की चाप आज हलका होईल, पण मऊ पोलाद झिजत राहील आणि सहा महिन्यांनी चापाचे वजन काय असेल हे कोणालाच सांगता येणार नाही. दुसरे असे, की कानस मारताना खाचेचा उतार केसभर जरी उलटा झाला, तरी घोड्याची स्प्रिंग स्वतःच दाताला बाहेर ढकलू लागते. मग बंदूक बोटाची वाट पाहत नाही. खटकन बंद केली तरी उडते, दस्ता जमिनीवर टेकला तरी उडते. तिसरी गोष्ट दुनळीची. एकाच चापाच्या पुष्कळ बंदुकांत पहिल्या बाराच्या धक्क्याने यंत्रणा दुसऱ्या नळीवर जाते. चाप फाजील हलका असला, तर त्याच धक्क्याने बोट नकळत पुन्हा आपटते, किंवा दुसरा दातच निसटतो, आणि दोन्ही बार एका आवाजात जातात. स्प्रिंग कापून चाप हलका करणे हा आणखी एक गल्लीतला इलाज. घोड्याची स्प्रिंग कमजोर झाली तर काडतुसाच्या टोपीवर पुरेसा ठोका बसत नाही. मग बार उडतच नाही, आणि न उडालेले काडतूस नळीत घेऊन उभा राहिलेला घाबरा माणूस बंदूक कुठेही फिरवतो.

यावर माजी विद्यार्थ्यांनी जे उत्तर दिले, ते आपल्यापैकी नव्वद टक्के लोक देतील. "सेफ्टी आहे ना!" कारागिरांनी सेफ्टी लावली आणि चाप मागे हलत नाही हे दाखवले. मग म्हणाले, "हिनं फक्त चाप अडवला. दात अडवला का? घोडा अडवला का?" बहुतेक बारा बोअर बंदुकांत सेफ्टी केवळ चाप रोखते. दात आपल्या आपण खाचेतून घसरला, तर सेफ्टी लावलेली असूनही बार उडतो. माझ्या मते या एका वाक्यासाठी तरी हा लेख छापला जावा.

शेवटी त्यांनी तपासणी केली, तीही सांगतो, कारण बंदुकीत काही बदल केल्यानंतरची ही तपासणीच लोक गाळतात. नकली काडतुसे तशीच ठेवून बंदूक अनेक वेळा जोराने बंद केली, घोडा पडतो का पाहिले. दस्त्यावर आणि बाजूंवर रबरी हातोडीने ठोकले, पुन्हा पाहिले. सेफ्टी लावून चाप जोरात ओढला, सोडला, सेफ्टी काढली, तेव्हा घोडा पडत नाही ना हे पाहिले. पुन्हा ताणकाट्याने मोजले, आकडे पहिल्या कागदाशी ताडून पाहिले. रेंजवर गेल्यावर आधी एकच काडतूस घालायचे, ते नीट गेले तरच दुसऱ्या खेपेला दोन, असे बजावले. हे सारे होईपर्यंत त्या खोलीत एकही खरे काडतूस नव्हते. ते आम्ही आत शिरतानाच बाहेरच्या कपाटात ठेवून घेतले होते.

जाता जाता त्यांनी एक गंमत सांगितली. अमेरिकेत काही ट्रॅप नेमबाज असा चाप बसवून घेतात, की दाबल्यावर नव्हे तर दाबलेला चाप सोडल्यावर बार उडतो. चाप ओढताना ज्यांचे बोट गोठते त्यांच्यासाठी हा उपाय. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्याला बंदी आहे. अशी बंदूक नवख्याच्या हाती पडली, आणि त्याने विचार बदलून बोट काढून घेतले, तर काय होईल याची कल्पना करावी.

आता ज्यामुळे मला हे लिहावेसे वाटले ते सांगतो. माझ्या आजोळी, डोंगराच्या कडेच्या एका वाडीत, एका वृद्ध शेतकऱ्याकडे पीकरक्षणाच्या परवान्याची एकनळी बारा बोअर होती. भात तयार झाले की रानडुकरे उतरतात, त्यांना आवाजाने पळवण्यासाठी तिचा उपयोग. बाबांची बोटे संधिवाताने वाकली होती, चाप ओढवेना. त्यांनी ती बाजाराच्या गावातल्या एका लोहाराला दिली. त्याने खाच घासून चाप 'लोण्यासारखा' करून दिला. सगळ्यांनी त्याचे कौतुक केले. त्या हंगामात एका रात्री बाबा घोडा चढवून बांधावर बसले आणि दस्ता दगडावर टेकला. बोट चापाजवळही नव्हते. छर्रे त्यांच्या शेजारी झोपलेल्या नातवाच्या डोक्यावरून हातभर अंतराने गवताच्या उडवीत गेले. मुलगा वाचला. त्याला एका कानाने अजून कमी ऐकू येते.

वाडीने यातून काय निष्कर्ष काढला? बंदूक अपशकुनी आहे. पोलीस पंचनाम्यात काय लिहिले गेले ते मला माहीत नाही, पण वाडीत खाचेचे नाव आजतागायत कोणी काढलेले नाही. बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली, लोहार आजही विळे-कोयते करतो आणि कोणी बंदूक आणली तर बहुधा घासूनही देईल. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो, हे त्याला कोणी सांगितले असण्याची शक्यता नाही. मी त्या बाबांना दोष देत नाही. दुखऱ्या बोटाला जड चाप सोसत नाही ही अडचण खरी होती. ती घेऊन जायला त्यांना योग्य दार माहीत नव्हते, आणि चाप लोण्यासारखा होणे म्हणजे काय होणे, हे सांगणारे कोणी नव्हते.

आणि म्हणूनच 'हात लावू नको' या शिकवणीवर माझा राग आहे. छात्रसेनेत, क्लबात, सगळीकडे चापाविषयीचे शिक्षण या तीन शब्दांत आटोपते. शिस्त म्हणून ते ठीक आहे. मीही म्हणतो, दात आणि खाच यांना परवानाधारक कारागिराखेरीज कोणीही हात लावू नये, कितीही हुशार असो. पण का लावू नये हे सांगितले नाही, तर ज्याच्याजवळ पैसे आहेत तो 'मी काय ते बघतो' म्हणतो आणि ज्याच्याजवळ नाहीत तो लोहाराकडे जातो. माझे घर दुसऱ्या जातीचे, म्हणजे लोहाराकडे जाणाऱ्यांचे. आमच्या घरात महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. आमच्याकडे चुकीची भरपाई करायला दुसरी बंदूक नसते, दुसरा कानही नसतो.

काही प्राध्यापक म्हणतील, की मुलांना आतले यंत्र दाखवले तर ती उगीच खटपट करू लागतील. माझा अनुभव उलट आहे. त्या दिवशी मुंबईहून परतताना लोकलमध्ये आमचे माजी विद्यार्थी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एवढासाच असतो रे तो दात?" त्यांनी पुन्हा सव्वा किलोचे नाव काढलेले नाही. महिनाभर ते नुसता बोटाचा सराव करत आहेत.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. छात्रसेनेच्या कवायतीला जोडून वर्षातून एक तास द्यावा. त्यात मुलांना दात, खाच आणि स्प्रिंग दाखवावी, ताणकाटा कसा लावायचा ते दाखवावे, आणि जेथे जेथे अनेक हातांतून फिरणारी शस्त्रे आहेत तेथे प्रत्येकीच्या चापाचे वजन तारखेसह वहीत लिहिलेले असावे, असा आग्रह धरावा. चाप दोनशे ग्रॅमने आपोआप हलका झाला, तर ती आनंदाची नव्हे, बंदूक बाजूला काढण्याची बातमी आहे, हे वही सांगेल. यासाठी खरी बंदूक वर्गात आणण्याची गरज नाही. हातभर लांबीचा लाकडी नमुना पुरेल. तो करून द्यायचे वडिलांनी कबूल केले आहे. दात मात्र लोखंडाचाच करावा लागेल म्हणतात, लाकडाचा दोन दिवसांत झिजेल.